नमुन्यातलं पाणी

सोमवारी सकाळी सव्वानऊला नमुन्यांची ने-आण करणाऱ्या मामांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर बर्फाचा डबा आदळला आणि म्हणाले, "घ्या, ताजा माल."

डब्यात बर्फ नव्हता. बर्फाचं झालेलं पाणी होतं, आणि त्या पाण्यात पाच चिमुकल्या प्लास्टिकच्या डब्या होड्यांसारख्या डुलत होत्या. पिपेटबाईंनी एकेक डबी पुसून उजेडात धरली. पहिलीवर पेशंटचा नंबर होता, वेळ नव्हती. दुसरीवर वेळ होती, नंबर नव्हता. तिसरीवर दोन्ही असावं, पण शाई ओघळून त्याचा निळा डाग झाला होता. चौथीवर कुणीतरी नंबराखाली नुसतं "सकाळ" असं लिहिलं होतं. पाचवी नीट होती, आणि ती नीट कशी काय राहिली याचंच बाईंना आश्चर्य वाटलं.

"मामा, सकाळ म्हणजे कधी? सहाला की साडेआठला?"

"सकाळ म्हणजे सकाळ," मामा म्हणाले. "मला वरून देतात, मी खाली आणतो. मधल्या पाच जिन्यांचं विचारा, सांगतो."

लिफ्ट बंद होती हे त्यांच्या घामावरून दिसतच होतं, म्हणून बाईंनी डब्या टेबलावर ओळीने मांडल्या. पण डोकं तापायचं ते तापलंच. गेले तीन महिने त्यांची रोजची सकाळ अशीच सुरू होत होती.

पिपेट म्हणजे थेंबाचाही थेंब मोजून उचलणारं, पेनासारखं उपकरण. बाईंच्या हातात ते एकोणीस वर्षं होतं. घरी चहात साखर घालतानाही हिचा अंगठा दांडी दाबल्यासारखा हलतो, असं त्यांचा नवरा सगळ्यांना सांगे. वरच्या मजल्यावरच्या सिस्टरांनी त्यांना पिपेटबाई हे नाव दिलं ते काही कौतुकाने नव्हे. पण नाव चिकटलं, आणि आता तर खुद्द बाईही फोन उचलून "पिपेटबाई बोलतेय" म्हणत.

त्यांचं काम सांगायला सोपं आणि चारचौघांत सांगायला अवघड. पाचव्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात, ज्यांना स्वतःचा श्वास स्वतः घेता येत नाही अशी माणसं असत. त्यांच्या श्वासनळीत नळी घातलेली असे आणि मशीन त्यांच्या वतीने श्वास घेई. अशा माणसाला खोकता येत नाही, म्हणून छातीत साठणारा कफ सिस्टर एका बारीक नळीने ओढून काढतात. त्यातला थोडासा कफ डबीतून खाली बाईंकडे येई. फुफ्फुसाला सूज येऊ लागली की शरीर एक ठरावीक प्रथिन तयार करतं. सूज जितकी जास्त तितकं ते प्रथिन जास्त. मशीनवरच्या पेशंटला न्यूमोनिया व्हायची भीती कायम असते, आणि ताप चढून एक्स-रेवर डाग दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्या आधीच, रोज कफातलं प्रथिन मोजून, येणाऱ्या न्यूमोनियाची चाहूल लागेल का, असा हा सगळा शोध होता.

बाईंच्या सासूबाई मात्र नातेवाइकांना सांगत, "सूनबाई रक्ताच्या खात्यात आहे." बाईंनी एकदा दुरुस्ती करायचा प्रयत्न केला होता. सासूबाई म्हणाल्या, "रक्ताला मान आहे गं. कफाचं कोण ऐकून घेतं?"

त्या दिवशीही बाईंनी कफ घोटून पातळ केला, गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घालून गाळ खाली बसवला, वरचं पाणी काढून घेतलं. त्यातलं थोडं फ्रीझरमध्ये राखून ठेवलं आणि बाकीचं तपासणीच्या थाळीत सोडलं. या थाळीला शहाण्णव खळगे असतात. शेवटचं औषध घातलं की जिथे प्रथिन जास्त तिथे गडद पिवळा रंग चढतो, कमी तिथे फिका. दुपारी तीन वाजता रंग चढला. तीन नंबरच्या खाटेवरच्या पेशंटचा खळगा अगदी फिका, जेमतेम पिवळट.

तीन नंबरवर एक रंगारी होता. बाहेरून भिंत रंगवताना परांचीवरून पडला, बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला मार बसला. चौथा दिवस होता. पहिल्या दिवशी त्याचा आकडा होता आठशे वीस. मग सहाशे चाळीस, मग तीनशे नव्वद. आज दोनशे दहा.

"बघा," सर म्हणाले. ते आकडे बघायला स्वतः खाली आले होते. सर म्हणजे या शोधाचे प्रमुख, छातीचे डॉक्टर. माणूस हुशार, पण घाईचा; आणि एखादी गोष्ट मनात बसली की ती तिथून सहसा उठत नसे. "पुन्हा तेच. चौथ्या दिवशी आकडा खाली. सगळ्यांचा खाली जातो. ज्यांना पुढे न्यूमोनिया होतो त्यांचा तर जास्तच खाली जातो. म्हणजे न्यूमोनियाच्या आधी हे प्रथिन घटतं. हे आजवर कुणी दाखवलेलं नाही."

"कुणी दाखवलेलं नाही, कारण तसं व्हायला नको, सर," बाई म्हणाल्या. "सूज वाढताना प्रथिन कमी कसं होईल?"

"तेच तर नवीन आहे. शुक्रवारी परिषदेला गोषवारा पाठवायचाय. तुम्ही फक्त आकडे नीट द्या."

आकडे नीट द्या, हे ऐकून बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आकडे त्या नीटच देत होत्या. प्रत्येक नमुना त्या दोन-दोन खळग्यांत घालत, आणि दोन्हींचं उत्तर सारखं येई. शंका आली म्हणून मागच्या महिन्यातली अख्खी थाळी त्यांनी पुन्हा लावली होती. तेच आकडे आले. यंत्र तपासून घेतलं होतं, औषधांच्या तारखा बघितल्या होत्या. म्हणजे खोट त्यांच्या टेबलावर नव्हती. मग राहिला वरचा मजला. ज्यांना डबीवर धड वेळ लिहिता येत नाही, त्यांनी आणखी काय काय केलं असेल कुणास ठाऊक.

सर गेल्यावर त्यांनी तीन नंबरच्या न घोटलेल्या, उरलेल्या कफाची डबी पुन्हा हातात घेतली आणि जरा तिरकी केली. कफ कसा असतो हे त्यांना काय सांगायला हवं. तो सरकतो, ओघळतो, भिंतीला धरून राहतो. हा मात्र पाण्यासारखा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला, आणि त्या पाण्यात पिवळसर गुठळ्या तरंगत राहिल्या. याआधीही त्यांनी असे नमुने पाहिले होते. त्या घोटून एकजीव करत आणि पुढच्या कामाला लागत. डबी तिरकी धरून बघायला फुरसत होती कुणाला?

मंगळवारी सकाळी बाई पाच जिने चढून वर गेल्या. चढताना त्या मनातल्या मनात भांडणाची उजळणी करत होत्या. वेळ, नंबर, बर्फ, पाणी, एकेक मुद्दा पायरीगणिक धारदार होत होता.

विभागाच्या दाराबाहेर बाकावर रंगाऱ्याची बायको बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. बाईंचा पांढरा कोट बघून ती उठली.

"तुम्ही खालच्या तपासणीवाल्या ना? मी सही केली होती त्या कागदावर. रोज यांचा कफ नेता. काय निघालं त्यात?"

"ते संशोधनासाठी आहे," बाई म्हणाल्या. "त्यावरून उपचार ठरत नाहीत."

"मग कशावरून ठरतात?"

"डॉक्टर ठरवतात. एक्स-रे, रक्त, ताप, असं सगळं बघून."

"आणि कफ नुसता नेता?"

"मी आत बघून येते," एवढंच पुटपुटून बाई दारातून आत शिरल्या. अंगात जादा गाउन, तोंडावर मास्क, हाताला ते थंडगार जंतुनाशक. आत यंत्रांचे आवाज एकमेकांना न जुमानता चालले होते.

मोठ्या सिस्टर तीन नंबरच्याच खाटेपाशी होत्या. बुटक्या, सडपातळ, चष्मा दोरीला बांधलेला. या विभागात त्यांना तीस वर्षं झाली होती, आणि नव्या डॉक्टरांची त्यांना भीती वाटायच्या ऐवजी नव्या डॉक्टरांनाच त्यांची वाटे.

"सिस्टर, मला पाच मिनिटं बोलायचंय."

"माझ्याकडे दोन आहेत."

बाईंनी दोन मिनिटांत पाच मिनिटांचं सगळं बसवलं. वेळ नाही, नंबर नाही, बर्फ वितळलेला, शाई ओघळलेली, आणि आता तर डबीत कफ कमी आणि पाणी जास्त. एवढी माणसं मेहनत करतात, महिने जातात, आणि एक डबी नीट भरता येत नाही. मोठ्या सिस्टरांची नजर मशीनच्या पडद्यावरून हलली नाही.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता बाजूला उभ्या राहा, आणि बघा."

तेवढ्यात मशीन कोकलायला लागलं. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा शहाण्णव होता तो एक्क्याण्णव झाला, अठ्ठ्याऐंशी झाला. सिस्टरांनी बारीक नळी आत सारली, ओढली. काहीच आलं नाही. पुन्हा ओढली. नळीच्या टोकाला डिंकासारखा एक तंतू आला आणि तुटला. आकडा पंच्याऐंशी. रंगाऱ्याच्या ओठांचा रंग बदलायला लागला. सिस्टरांनी शेजारची सलाईनची कुपी मोडली, नळीत पाणी सोडलं, ओढलं, पुन्हा सोडलं, ओढलं, तिसऱ्यांदा सोडलं. मग सर्रकन आवाज झाला आणि पाण्याबरोबर गुठळ्या वर आल्या, थेट नमुन्याच्या डबीत. आकडा सावकाश चढू लागला. नव्वद, त्र्याण्णव, पंच्याण्णव. यंत्राचं कोकलणं थांबलं.

सिस्टरांनी डबीचं झाकण लावलं. हातमोजा ओला होता. ओल्या हातानेच त्यांनी झाकणावर वेळ लिहिली, आणि शाई बाईंच्या डोळ्यांदेखत ओघळली.

"आता सांगा," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या सरांच्या कागदात काय लिहिलंय?"

"नमुना सलाईन न घालता घ्यावा."

"बरोबर. आणि माणूस निळा पडत असताना मी तो कागद वाचत बसू?"

बाईंनी डबीकडे बघितलं. "किती घातलंत आत्ता?"

"लागलं तेवढं. तीन कुप्या. पंधरा मिली असेल."

"रोज एवढंच?"

"छे. पहिल्या दिवशी काहीच लागत नाही, लागलंच तर थोडंसं. कफ पातळ असतो, आपोआप येतो. छाती भरायला लागली की तो घट्ट होत जातो. मग एक कुपी, मग दोन, मग अशा तीन. पेशंट जितका बिघडतो, तितकं जास्त सलाईन. यात नवीन काय आहे?"

यात नवीन काहीच नव्हतं, फक्त बाईंना ते माहीत नव्हतं. पेशंट बिघडतो तसं पाणी वाढतं. पाणी वाढलं की नमुना पातळ होतो. नमुना पातळ झाला की प्रथिनाचा आकडा पडतो. सरांचा तो न्यूमोनियाच्या आधी घटणारा, आजवर कुणी न दाखवलेला आलेख म्हणजे सिस्टरांच्या सलाईनच्या कुप्यांचा आलेख होता. तीन महिन्यांच्या कामावर पाणी फिरलं होतं, आणि तेही न मोजलेलं.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी?" सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या फॉर्मवर सलाईनचा रकाना आहे का? नाही. आम्ही बाजूला लिहिलं असतं तर सरांनी नियम मोडला म्हणून आमच्याच नावाने पत्र काढलं असतं. त्यापेक्षा न लिहिलेलं बरं." मग चष्मा नाकावर चढवत म्हणाल्या, "दोनाची सात मिनिटं झाली. मला पाच नंबरला जायचंय."

उतरताना बाई भांडण विसरल्या होत्या, पण चिडचिड गेली नव्हती. फक्त तिला आता पत्ता सापडेना. सिस्टरांवर चिडावं तर त्या बरोबर होत्या. सरांवर चिडावं तर कागद सगळ्यांनी मिळून तयार केला होता, त्यावर बाईंचीही सही होती. उरल्या त्या स्वतः, आणि तीन महिने न तिरक्या केलेल्या डब्या.

दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या. युरिया.

शिकत असताना कुणीतरी सांगितलेली गोष्ट होती ती. युरिया रक्तात असतो आणि शरीरभर सगळीकडे झिरपतो. फुफ्फुसातल्या ओलाव्यात तो जवळपास रक्ताइतकाच असतो. सलाईनमध्ये युरिया नसतो. म्हणजे रक्तात तीस आणि नमुन्यात तीन आला, तर नमुना दहापट पातळ झालाय. मग प्रथिनाच्या आकड्याला दहाने गुणायचं. किती कुप्या घातल्या हे कुणी लिहिलं नसलं तरी चालेल. रक्तातला युरिया तर या विभागात प्रत्येक पेशंटचा रोज तपासतात, आणि राखून ठेवलेले नमुने फ्रीझरमध्ये होते.

उरलेले जिने बाईंनी मामांच्या दुप्पट वेगाने उतरले.

बुधवारी दुपारपर्यंत रंगाऱ्याचे चारही दिवस त्यांच्यासमोर होते. पहिल्या दिवसाचा नमुना दुप्पट पातळ. आठशे वीसचे झाले सोळाशे चाळीस. दुसऱ्या दिवशी चौपट. अडीच हजारांच्या वर. तिसऱ्या दिवशी नऊपट; साडेतीन हजार. आणि सोमवारचा तो फिका, जेमतेम पिवळट नमुना चोवीस पट पातळ होता. दोनशे दहाचे पाच हजार चाळीस झाले. सरांनी "बघा, खाली" म्हणून बोट ठेवलेला आकडा चारांत सगळ्यात मोठा होता.

बाई कागद घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. सर गोषवारा लिहीत होते.

"युरिया आपल्या आराखड्यात नाही," सगळं ऐकून सर म्हणाले.

"सलाईनही आराखड्यात नाही, सर. पण घालावं लागतं."

"कोण म्हणतं?"

"मी डोळ्यांनी पाहिलं."

सरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तीन महिने सूचना पाळल्या गेल्या नाहीत. मी आजच पत्र काढतो."

"पत्राने कफ पातळ होणार नाही, सर."

हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. सरांनी वर पाहिलं. बाईंनीही नजर खाली घेतली नाही, कारण तोवर त्यांचा संयम फ्रीझरमध्ये राखलेल्या थेंबाइतकाच उरला होता. त्या म्हणाल्या, "ते पुढचं पुढे बघू. पण तीन नंबरचा आकडा चढतोय. नुसता चढत नाही, धावतोय. आणि आपण तो घटतोय असं लिहून ठेवलंय."

"संशोधनाच्या आकड्यावरून मी उपचार बदलू शकत नाही. तुम्हाला माहीत आहे ते. हे तंत्र अजून सिद्धच झालेलं नाही."

बाईंना ते माहीत होतं. सरांचं म्हणणं नियमाला धरून होतं, आणि बरोबर असणाऱ्या माणसावर चिडण्याइतका त्रास दुसऱ्या कशाचा होत नाही. त्या बाहेर आल्या आणि तडक वर फोन लावला.

"सिस्टर, तीन नंबरचं जरा बघा. मला अधिकार नाही, मी नुसतं सांगतेय. आमच्याकडे सूज फार वाढलेली दिसतेय."

"काल तुम्ही खाली गेलात ना, त्यानंतर मी कल्चर पाठवलं," सिस्टर म्हणाल्या. कल्चर म्हणजे कफातले जंतू वाढवून कुठले आहेत ते बघणं. "कफाचा वास बदलला होता. ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या मागे लागून एक्स-रे काढायला लावला. डाग आहे. औषध काल संध्याकाळीच बदललंय."

बाईंना हायसं वाटलं आणि लगोलग वैताग आला. एवढं महागडं यंत्र, शहाण्णव खळग्यांची थाळी, दोन दिवसांचा गुणाकार, आणि सिस्टरांचं नाक चोवीस तास पुढे.

घरी जेवताना त्यांनी हे सांगितलं. नवरा पंखे आणि पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचा. आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते ओळखायचा, त्यामुळे त्याला सिस्टर फार आवडल्या.

"मग ती थाळी-बिळी कशाला हवी? त्या बाईंनाच विचारायचं."

"हो, मी उद्यापासून घरीच बसते," बाई म्हणाल्या आणि ताटावर जरा जोरातच वाटी ठेवली.

सासूबाईंना कमी ऐकू यायचं, पण हवं तेवढं बरोबर ऐकू यायचं. त्यांनी विचारलं, "त्या सिस्टर सुटीवर असतात, तेव्हा कोण वास घेतं?"

मग नवऱ्याने गुमान वाटी उचलून धुवायला नेली.

गुरुवार आणि शुक्रवारची सकाळ बाईंनी फ्रीझरपुढे काढली. दोनशे चौदा नमुने होते. त्यातल्या एकोणतिसांत युरिया मोजण्याइतका थेंबही उरला नव्हता. ते कायमचे गेले. बाकीच्यांचा युरिया मोजायचा, पेशंटच्या कागदांतून त्या-त्या दिवसाच्या रक्ताचा युरिया शोधायचा, भागायचं, गुणायचं. रक्ताचे कागद पाहावेत तर तारखा उलट्या लावलेल्या. दोनदा यंत्राची वीज गेली. एकदा मामा डबा घेऊन आले आणि बाईंचा चेहरा बघून डबा न आदळता, अलगद ठेवून गेले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी सरांच्या टेबलावर दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले. एकात रेघा खाली जात होत्या, दुसऱ्यात वर. ज्या सतरा जणांना न्यूमोनिया झाला त्यातल्या तेरा जणांचा आकडा ताप यायच्या साधारण दीड दिवस आधी चढला होता.

सरांनी दोन्ही आलेख जवळ ओढले. "उरलेले चार?"

"त्यांचा नाही चढला. का ते माहीत नाही."

"हे तुम्ही मला तीन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं."

"तीन महिन्यांपूर्वी मला वाटत होतं की सिस्टर निष्काळजी आहेत," बाई म्हणाल्या. "म्हणून मी विचारायलाच गेले नाही."

गोषवाऱ्याला शेवटचे दोन तास उरले होते. पाठवला असता तर कुणालाही कळलं नसतं. जुना आलेख सुंदर होता आणि खाली सरांचं नाव होतं. त्यांनी खुर्ची मागे सारली, खिडकीपाशी गेले, परत आले, आणि पाठवायला तयार ठेवलेला गोषवारा रद्द केला. नंतर चार दिवस ते बाईंशी कामापुरतंच बोलले. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. कामापुरतंच बोलणारे सर त्यांना जास्त सोयीचे वाटले.

रंगारी अकराव्या दिवशी मशीनवरून निघाला. त्याच्या गुणाकाराने आलेल्या आकड्याची रेघ पाच हजारांवरून उतरत उतरत नऊशेवर आली होती. तो वॉर्डात गेल्यावर त्याची बायको पत्ता विचारत विचारत प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"आता तरी सांगा, काय निघालं होतं?"

बाईंनी तिला आत बोलावलं, स्टूल दिलं आणि कागदावर रेघ काढून दाखवली. इथे वाढलं, इथे सिस्टरांनी ओळखलं, इथे औषध बदललं, इथून खाली आलं. तिने रेघेवरून दोनदा बोट फिरवलं. "म्हणजे सिस्टरांना आधी कळलं," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "आम्हाला नंतर."

त्याच दिवशी त्या वर गेल्या. माफीचं वाक्य त्यांनी जिन्यात तयार केलं होतं, पण मोठ्या सिस्टरांनी ते अर्ध्यातच तोडलं.

"माफी राहू द्या. मोठ्या तोंडाच्या डब्या द्या. आणि नंबर आधीच छापून चिकटवलेले द्या, ओल्या हाताने लिहायला लावू नका. बर्फ मामांच्या हातात देताना भरायचा, आदल्या पाळीला नाही."

"आणि सलाईन किती घातलं ते लिहाल?"

"पत्र निघणार नसेल तर लिहू."

बाईंनी डब्या बदलून घेतल्या, नंबर छापून घेतले, बर्फाची वेळ मामांशी ठरवली. हे सगळं दोन दिवसांत झालं, आणि दोन दिवसांत होण्यासारखं होतं तर तीन महिने का झालं नाही, या विचाराने त्यांचं डोकं पुन्हा उठलं. पण फॉर्मवर सलाईनचा रकाना असा कुणालाही वाढवता येत नव्हता. त्यासाठी पेशंटवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे फेरबदलाचा अर्ज करावा लागे. अर्जात एक चौकट होती: बदलाचं कारण. बाईंनी लिहिलं, "सलाईन घालावं लागतं हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण आम्ही सिस्टरांना विचारलं नव्हतं."

सरांनी ते खोडलं आणि वर लिहिलं, "नमुना-संकलन प्रक्रियेतील अनपेक्षित परिवर्तनशीलतेच्या अनुषंगाने."

बाईंनी अर्ज पुन्हा छापला, स्वतःचं वाक्य पुन्हा लिहिलं, आणि संशोधकांच्या यादीत आपल्या नावाखाली मोठ्या सिस्टरांचं नाव घातलं. सर म्हणाले, "कारण बदला. आणि सिस्टरांचं नाव इथे बसत नाही."

"मग माझंही बसत नाही," बाई म्हणाल्या. "नाकाने ओळखणाऱ्या त्या, मी नुसता गुणाकार केला."

सरांनी कपाळाला हात लावला. त्या क्षणी ते बाईंना पहिल्यांदाच आपल्यासारखे दिसले, म्हणजे पुरते वैतागलेले. त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि एक अक्षरही न खोडता सही केली.

मोठ्या सिस्टरांना यादीतलं नाव दाखवलं तर त्या म्हणाल्या, "नाव काय करायचंय? ड्युटीला दोन माणसं वाढवून मिळतात का ते बघा." पण मग त्यांनी चष्मा लावून नावाचं स्पेलिंग तपासलं, आणि एक अक्षर चुकलं होतं ते दुरुस्त करून दिलं.

अर्ज सोमवारी कमिटीच्या कार्यालयात गेला. गुरुवारी परत आला. वर चिठ्ठी होती: पानांना क्रमांक दिलेले नाहीत, तीन प्रतींत पुन्हा सादर करावा. बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, खुर्ची ओढली, पेन काढलं, आणि तिन्ही प्रतींवर एक, दोन, तीन असे आकडे घालत बसल्या.